वारीतला आनंद कोणाचा?

संगमनेरास कीर्तन आटोपल्यावर एका कॉलेजातल्या मुलाने आम्हांस विचारले, "महाराज, त्र्यंबकेश्वराहून निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर निघालेला म्हातारा पाय सुजले तरी नाचतो. तो आनंद पांडुरंगाचा, की मेंदूतल्या अफूचा?" मंडळी हसली. आम्हांला मात्र प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा वाटला नाही.

मेंदूतली अफू ही काही थट्टा नव्हे. इ. स. १९७५ साली स्कॉटलंडातील अ‍ॅबर्डीन येथे ह्यूज व कोस्टरलिट्झ यांनी खुद्द मेंदूतूनच अफूसारखे काम करणारे द्रव्य वेगळे काढले. या जातीच्या द्रव्यांना एंडॉर्फिन म्हणतात. देहावर ताण पडला, इजा झाली, की ती सुटतात आणि दुखण्याचा निरोप वाटेतच मंद करतात. ऑक्सफर्डात वल्ही मारणाऱ्या खेळाडूंवर झालेला प्रयोग तर टाळकऱ्यांनी ऐकण्यासारखा आहे. श्रम तेवढेच, पण एकट्यापेक्षा सर्वांनी एका लयीत केले, तेव्हा वेदना सोसण्याची ताकद अधिक वाढली. पखवाजावर पाऊल टाकणाऱ्या दिंडीला हे कोणी सांगायला नको! श्रमानंतरच्या उल्हासात दुसऱ्याही एका द्रव्याचा वाटा असावा, असे आता मानतात. ते १९९२ साली सापडले, आणि शोधणाऱ्यांनी आपला संस्कृत 'आनंद' शब्द उचलून त्याला 'आनंदामाइड' नाव दिले. पाठशाळेत अमरकोश घोकलेल्या आम्हांला याचे कौतुक वाटते. पण तेवढ्यावर छाती फुगवू नये.

मग वारकऱ्याने भ्यावे काय? तैत्तिरीयोपनिषदावरून पंचकोश सांगतात, त्यांत शेवटचा आनंदमय. शंकराचार्यांनी त्यालाही ब्रह्म मानले नाही, कोशच मानला. तेव्हा वाटेवरचा हर्ष देहाचा ठरला तर आपले गेले काय? तो तालमीतल्या पैलवानालाही होतो. उलट, जो त्या हर्षालाच देवाची भेट समजतो, त्याचीच आम्हांला काळजी वाटते. पुढच्या वर्षी तो पांडुरंगासाठी नव्हे, त्या धुंदीसाठी निघेल. मुक्कामी ती धुंदी उतरते, पाय ठणकतात, राहुटीत जागा पुरत नाही, टँकरपाशी रांग लागते. भक्ती पाहायची ती तिथे, दुसऱ्याची कळशी आधी भरू देताना.

आणखी एक. दुखणे मंद झाले म्हणून जखम जात नाही. मधुमेहवाल्याच्या तर पायाची जाणीवच पुष्कळदा कमी झालेली असते. फोड फुटलेला त्याला कळत नाही. दिंडीप्रमुखांनी हरिपाठाला बसण्याआधी म्हाताऱ्या माणसांचे तळवे धुऊन, उजेडात धरून पाहावेत. जखम दिसली तर दुसऱ्या दिवशी त्यांना गाडीत बसवावे, मग ते कितीही रागावोत.