घडीतली जागा

घडी घालता येणारा फोन कुणी उघडला की आपली नजर आधी मधल्या पुसट रेषेकडे जाते. डोळ्याला ती रेषा खुपते. तिच्यावरून फिरणारं बोट मात्र सहज पलीकडे जातं आणि चित्रही त्याच्याबरोबर सरकतं. इतकं साधं घडण्यासाठी त्या रेषेखाली बराच विचार झालेला असतो.

पडद्यात स्पर्श ओळखणारं एक जाळं असतं. वीज वाहणाऱ्या, न दिसणाऱ्या आडव्या-उभ्या रेघांचं. बोट जवळ आलं की तिथला विद्युतभार किंचित बदलतो. तेवढ्यावरून फोनला बोटाची जागा कळते. इंग्लंडमधल्या मॅल्व्हर्नच्या रडार संशोधन संस्थेतल्या ई. ए. जॉन्सन यांनी अशा पडद्याबद्दल १९६५ सालीच लिहिलं होतं.

सपाट फोनमध्ये हे जाळं बहुधा इंडियम टिन ऑक्साइडचं असतं. ते पारदर्शक आहे आणि वीजही चांगली वाहून नेतं. पण ते ठिसूळ आहे. एक-दोन टक्के ताणलं की त्याला तडे जाऊ लागतात. तडा इतका बारीक की दिसतही नाही. पडद्यावरचं चित्र तसंच उजळ राहतं, फक्त तेवढ्या भागाला बोट कळेनासं होतं. म्हणून प्रयोगशाळेत नुसतं बघून भागत नाही. हे जाळं असलेली पट्टी पुन्हा पुन्हा वाकवायची आणि विजेला होणारा अडथळा किती वाढला ते मोजायचं. २०१९च्या पहिल्या गॅलेक्सी फोल्डसाठी सॅमसंगने २,००,००० घड्यांचा आकडा सांगितला होता. रोज १०० वेळा उघडमीट केली, तर तो २,००० दिवस पुरतो.

एखादी वस्तू टिकावी म्हणून आपण ती जाड करतो. वाकण्याचा हिशेब उलटा आहे. दीड मिलिमीटर त्रिज्येच्या वळणावर १०० मायक्रॉन जाडीची पट्टी वाकवली, तर तिची बाहेरची बाजू तीन टक्क्यांहून जास्त ताणली जाते. जाडी ३० मायक्रॉनवर आणली, की ताण एक टक्का उरतो. २०२० साली घडीच्या फोनांत काच आली ती याच जाडीची. काच काचच राहिली. पातळ झाली आणि वाकू लागली.

काहींनी जाळ्याचा पदार्थच बदलून पाहिला. केसाहून सुमारे हजारपट बारीक अशा चांदीच्या तारा एकमेकींवर वेड्यावाकड्या पसरल्या. त्यातला एखादा सांधा तुटला, तरी वीज दुसऱ्या वाटेने जाते. अशा जाळ्यात प्रत्येक तार शाबूत राहायलाच हवी असं नाही.

पण मला सगळ्यात जास्त विचार करायला लावते ती एक जागा. कोणतीही गोष्ट वाकली की तिची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली बाजू दाबली जाते. या दोहोंच्या मध्ये एक पातळी अशी असते, जी ताणलीही जात नाही आणि दाबलीही जात नाही. अभियंते तिला न्यूट्रल प्लेन म्हणतात. सगळ्यात नाजूक थर तिथे ठेवायचा. त्याचा ठिसूळपणा जात नाही, पण त्याची परीक्षा पाहणारा ताण तिथवर पोचत नाही.

एका फोनात थर मात्र अनेक असतात. दोनशे पानी वही वाकवून पाहावी. पानं एकमेकांवरून सरकतात, कडा तिरप्या होतात आणि वही सुखाने वाकते. तीच पानं खळ लावून एकमेकांना चिकटवली तर त्यांचा पुठ्ठा होतो. तो वाकवला की मोडतो. म्हणून फोनच्या थरांमध्ये मऊ, पारदर्शक चिकटपदार्थ घालतात. तो थरांना धरून ठेवतो, पण जखडत नाही. थोडं सरकू देतो. मग प्रत्येक थराला त्याची स्वतःची शांत पातळी मिळते.

ही पातळी कायमची ठरलेली नसते. आजूबाजूचे थर किती जाड, किती ताठ, यावर ती ठरते. अधिक सुरक्षितता हवी म्हणून वरून आणखी एक कडक थर घट्ट बसवला, तर ती त्या थराच्या दिशेने सरकते. कालपर्यंत ताणाबाहेर असलेला नाजूक थर आज ताणात सापडतो. दोष त्या थराचा नसतो, आणि वरून आलेल्या संरक्षणाचा हेतूही चांगलाच असतो. म्हणून जाणकार माणूस नवा थर चढवण्याआधी थांबतो आणि आतल्या सगळ्यांच्या जागांचा हिशेब पुन्हा एकदा मांडतो.