कूर्मरूपा, याच्या पाण्याकडे लक्ष असू दे

हे नारायणा, मंदराचल पाठीवर तोललास तेव्हा तुझ्या चहूकडे क्षीरसागर होता. तहानेचा प्रश्नच नव्हता. आमचं कासव अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटातलं. इथे फीनिक्समध्ये 2023 च्या उन्हाळ्यात सलग 31 दिवस पारा 43 अंशांच्या वर होता. सरकारी दत्तक योजनेतून ते आमच्या अंगणात आलं. आता त्याला रानात सोडायला कायद्याने बंदी आहे. त्याच्या पाण्याचा भार आमच्यावर, आमचा तुझ्यावर.

याच्या जातकुळीतली कासवं पावसाचं पाणी साचावं म्हणून पायांनी उथळ खळगे खणतात, पोटभर पितात आणि मूत्राशयातल्या साठ्यावर कोरडे महिने काढतात. केवढी तजवीज केलीस! पण घाबरलं की तोच साठा क्षणात सोडून देतं. म्हणून त्याला उचलून फोटो काढायची हौस आमच्या पाहुण्यांना होऊ देऊ नकोस.

मोठ्या परातीत कोमट पाणी घेते, हनुवटीच्या खालीच राहील इतकं. आधी ते रुसल्यासारखं बसून राहतं. मग मान लांबवतं, नाकासकट तोंड बुडवतं आणि गळ्याची सुरकुतलेली कातडी लयीत हलू लागते. त्या वेळी माझा फोन वाजू देऊ नकोस. त्याने पाण्यात पांढरं सोडलं तर ते निरखायची चिकाटी दे: मऊ असेल तर ठीक, वाळूसारखं कचकचीत लागलं तर पाणी कमी पडतंय. हे वेळीच कळू दे, मूतखडा होईपर्यंत थांबायला लावू नकोस. आणि कलिंगडाची फोड घातली की झालं, असं सांगणाऱ्या शेजाऱ्यांना तूच समजाव.

देवळातल्या दगडी कासवाला आम्ही हळदकुंकू वाहतो. त्याला तहान नाही. याला आहे. थंडीत बिळात झोपायला जाण्यापूर्वी त्याचं पाणी भरपूर पिऊन होऊ दे. इथला मान्सून 15 जूनपासून मोजतात, येतो मात्र आपल्या मर्जीने. यंदा जरा लवकर धाड.

अशी कासवं पन्नास-पन्नास वर्षं जगतात, तेव्हा हे आमच्या मागेही राहणार. परात पुढे माझ्या मुलाने भरायची आहे. त्याला आठवण तूच दे, माझं तो ऐकत नाही.