दोन औषधें आणि एक मौन

रोग्यानें कोणतें औषध घ्यावें हा प्रश्न वैद्यकशास्त्राचा आहे. परंतु घेतलेलें औषध सांगावें कीं लपवावें, हा प्रश्न नीतीचा आहे, आणि त्याचा विचार आम्हां सामान्य जनांसही टाळतां येत नाहीं.

गर्भाशयमुखाचा कर्करोग वाढलेला असला म्हणजे त्यावर किरणोपचार करितात, व जोडीस सिस्प्लॅटिन हें औषध शिरेंतून देतात. त्याच दिवसांत घरचीं वडील माणसें गुळवेलीचा काढा रोगी स्त्रीच्या हातीं देतात आणि बजावतात, “डॉक्टरांस सांगूं नकोस हो, रागें भरतील.” ह्या बोलण्यांत माया आहे, ह्यांत शंका नाहीं, पण तें निर्दोष आहे काय?

कोणी म्हणेल, झाडपाला तो, काय अपाय करणार? परंतु गुळवेल घेणाऱ्या कांहीं रोग्यांच्या यकृतास इजा झाल्याचें मुंबईच्या डॉक्टरांनीं २०२१ सालीं नोंदविलें आहे. शिवाय, झाडपाला निराळा आणि रसायन निराळें, ही वांटणीच आम्हांस मान्य नाहीं. अंडाशयाच्या कर्करोगावर १९९२ सालीं अमेरिकेंत मान्य झालेलें पॅक्लिटॅक्सेल एका वृक्षाच्या सालींतूनच निघालें, आणि त्याची रचना १९७१ सालीं उलगडून दाखविणाऱ्यांत नंदुरबार येथें जन्मलेले मनसुख वाणी होते. मात्र तो वृक्ष विषारी आहे. त्यांतील द्रव्य वेगळें काढून, मात्रा ठरवून, अपाय मोजून पाहिले, तेव्हांच विषाचें औषध झालें. ह्या औषधाचा निचरा यकृतांत होतो. सिस्प्लॅटिन मूत्रपिंडांस जड जातें. अशा वेळीं रोग्याच्या पोटांत आणखी काय गेलें हें ज्यास ठाऊक नाहीं, तो डॉक्टर डोळे बांधून चालत असतो.

उलट, योगासनें व ध्यान ह्यांनीं रोग्याची चिंता हलकी होते, हें कर्करोगतज्ज्ञही आतां मानतात. त्यांस मज्जाव करणें हा निव्वळ ताठा होय. धोका आहे तो पूरक उपचार मुख्य उपचाराची जागा घेतो तेथें. २०१८ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत, स्तन, फुप्फुस इत्यादींच्या कर्करोगांत पूरक उपचार घेणाऱ्यांस मृत्यूचा धोका सुमारें दुप्पट आढळला. कारण त्यांपैकीं पुष्कळांनीं नेहमींचा एखादा उपचार नाकारला होता. अभ्यास इतर कर्करोगांचा असला तरी बोध येथेंही लागू पडतो.

मग दोष कोणाचा? काढ्याचें नांव निघतांच जो डॉक्टर उपहास करितो, तो सत्याचें दार आपल्याच हातानें लावितो. पण मौनाचें मूळ त्याहून खोल आहे. पाळी गेल्यावर पुनः रक्तस्राव सुरू झाला तरी आमच्या घरांतील स्त्री महिनेच्या महिने बोलत नाहीं, आणि तपासणीच्या खोलींतही पुष्कळदां तिच्या वतीनें पतीच बोलतो. ज्या संवयीनें रोगास मुदत दिली, तीच आतां काढ्यावर झांकण घालते.

आशेचा तो घोट हिरावून घ्यावा, असें आम्ही म्हणत नाहीं. घ्यावा कीं न घ्यावा हें ठरविण्याचा अधिकार ज्या स्त्रीचा देह तिचाच आहे. आम्हां घरच्यांचें कर्तव्य इतकेंच कीं, काढ्याची बाटली इस्पितळाच्या पिशवींत उघडपणें ठेवावी, “ही डॉक्टरांस दाखव” असें तिला सांगावें, आणि ते “थांबवा” म्हणाले तर तें ऐकण्याचें धैर्य आपण अगोदर दाखवावें.