सावतोबांचा मळा आणि रूपक अलंकार

संतसज्जनहो, आजच्या सेवेला विषय घेतला आहे अलंकारांचा. आपण म्हणाल, बुवा, हा विषय पाठशाळेतला. आम्हा टाळकऱ्यांना त्याचं काय? पण जे अभंग आपण नित्य म्हणतो, ते अलंकारांनी भरलेले आहेत. आपण फक्त त्यांची नावे घेत नाही, एवढेच.

प्रथम शास्त्र पाहू. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात अलंकार सांगितले ते अवघे ४ : उपमा, रूपक, दीपक आणि यमक. पुढे यादी वाढत गेली. सोळाव्या शतकात अप्पय्य दीक्षितांच्या 'कुवलयानंदा'त ती शंभराच्या वर गेली. ती सगळी पाठ करण्याचे आपल्याला कारण नाही. चार पायऱ्या ध्यानात ठेवल्या म्हणजे पुरे.

'मुख चंद्रासारखे आहे' ही उपमा. इथे मुख वेगळे, चंद्र वेगळा, आणि 'सारखे' हा शब्द मध्ये उभा. 'मुख म्हणजे जणू चंद्रच' ही उत्प्रेक्षा. अंतर कमी झाले, पण 'जणू' राहिला. 'मुख हाच चंद्र' म्हटले की रूपक. मधला शब्द गेला, अभेद झाला. आणि मुखाचे नावही न घेता 'पाहा, चंद्र उगवला' म्हटले, तर अतिशयोक्ती. तिथे चंद्राने मुख गिळूनच टाकले. पाहा कसे आहे! भेदाकडून अभेदाकडे जाणारी वाट साहित्यशास्त्रातही आहे.

हा 'रूपक' शब्द आणखी एका ठिकाणी येतो. धनंजय पंडिताने दहाव्या शतकात नाट्यप्रकारांवर ग्रंथ केला, त्याचे नाव 'दशरूपक'. नाटकाला रूपक का म्हणावे? तर नटावर रामाच्या रूपाचा आरोप होतो म्हणून. जसा मुखावर चंद्राचा, तसा नटावर रामाचा.

आमच्या पैठणच्या नाथमहाराजांनी ही दोन्ही रूपके एका ठिकाणी आणली, ती भारुडात. विंचू चावल्याचे सोंग घेऊन माणूस तळमळतो, हे नाट्यातले रूपक. तो विंचू म्हणजे काम-क्रोध, हे काव्यातले रूपक. लोक हसतात; हसावेच. पण विंचवाला हसून घरी गेला आणि उंबऱ्यातच बायकोवर खेकसला, तर त्याने सोंग पाहिले, भारूड पाहिले नाही.

आता माझीच एक फजिती सांगतो. पाठशाळेतून नुकता बाहेर पडलो होतो. अंगात विद्येचा ताठा. एका गावी कीर्तनाला सावतोबांचा अभंग घेतला. मळ्यातल्या भाजीपाल्यालाच ते विठाई म्हणतात, तो. मी तासभर रूपकाची फोड केली. आरोप कशाचा, आरोप कशावर, आरोप म्हणजे एका वस्तूवर दुसरीचे रूप जाणूनबुजून ठेवणे, वगैरे वगैरे. माना डोलत होत्या. मला वाटले, जिंकले!

आरती झाली. एक म्हातारे माळीबुवा जवळ आले, पाया पडले आणि म्हणाले, "म्हाराज, अलंकार म्हंजी दागिनाच न्हवं?"

म्हटले, "होय."

"दागिना रातच्याला काढून ठिवता येतो. मग सावतोबा रातच्याला इठ्ठल काढून कुठं ठिवत व्हते?"

मी गप्प. सगळी व्याकरणविद्या जिभेच्या टोकाशी येऊन थांबली. सावतोबांना भाजीत विठोबा दिसला नाही, त्यांनी तो मानून घेतला, असेच मी तासभर सांगत होतो की! आणि माझ्या ते लक्षातही नव्हते.

मग शास्त्र खोटे का? नाही. कवी डोळ्याला कमळ म्हणतो, तेव्हा डोळा हा डोळाच आहे हे त्याला पक्के ठाऊक असते. तिथे आरोपच आहे. संतांच्या वाणीतही असे पुष्कळ आहे. सेनामहाराज आपल्या धंद्यातला आरसा विवेकाचा म्हणून दाखवतात, चोखोबा वाकड्या उसाचा दृष्टांत देतात. माउलींनी शके १२१२ (सन १२९०) मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली, तीत एक गोष्ट पटवायला दृष्टांतामागून दृष्टांत येतात. एकाला दिव्याने कळेल, दुसऱ्याला नदीने. पण रिकाम्या हाती कुणी जाऊ नये. हे अलंकार नावेसारखे. पैलतीर आला की उतरावे, नाव डोक्यावर घेऊन चालू नये.

पण सावतोबांचे निराळे. वाक्याची ठेवण रूपकाची, आणि आत उभा आहे अनुभव. तिथे नाव सोडून उतरायचे नाही, कारण पैलतीरच बोलतो आहे. कीर्तनकाराने पद हाती घेताना हे पाहावे : इथे संत आपल्याला समजावीत आहेत, की स्वतःला दिसले ते सांगत आहेत? पहिल्या ठिकाणी अर्थाची फोड करावी. दुसऱ्या ठिकाणी टाळ वाजवावा आणि नाम घ्यावे.

हे कीर्तनकारापुरतेच आहे असे समजू नका. वारीत आपण एकमेकांना 'माउली' म्हणतो. ओळख ना पाळख, तरी 'माउली, जरा सरा', 'माउली, पाणी घ्या'. ही उपमा नव्हे. 'माउलीसारखे, जरा सरा' असे कुणी म्हणत नाही! मधला शब्द आपण काढून टाकला आहे. आता प्रश्न माळीबुवांचाच. वारीहून घरी आल्यावर सुनेला, शेतातल्या गड्याला, दाराशी आलेल्या याचकाला आपण काय म्हणतो? माळ गळ्यात राहिली आणि 'माउली' खुंटीवर टांगली गेली असेल, तर तो दागिना होता. राहिली असेल, तर सावतोबांच्या मळ्यात आपले पाऊल पडले.

ज्याने त्याने आपापल्या घरी पाहावे. मीही पाहतो आहे.

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल!