क्षमा आणि निर्दोष मुक्तता

थोर कलावंताचे आत्मकथन आपण त्याच्या कलेचे मर्म कळावे म्हणून हाती घेतो. पण त्यात कित्येकदा आपल्याच समाजाची झडती निघते. गंगूबाई हनगल (१९१३–२००९) यांच्या ‘नन्न बदुकिन हाडु’ म्हणजे ‘माझ्या जीवनाचे गाणे’ या कन्नड आत्मकथनाचा, आणि त्यांनी वेळोवेळी सांगितलेल्या आठवणींचा विचार करताना आम्हांस असेच वाटते.

धारवाडास लहानपणी त्या एका सधन शेजाऱ्याच्या बागेत आंबे चोरावयास शिरल्या. त्या घरच्या मंडळींस चोरीपेक्षा अधिक डाचले ते गाणारणीच्या मुलीचे पाऊल बागेत पडले हे. पुढे तीच मंडळी त्यांना मेजवानीस बोलावू लागली. १९२४ साली बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनात त्यांनी महात्माजींसमोर स्वागतगीत गायिले, तेव्हा जेवणानंतर आपल्याला उष्टी काढावयास सांगतील, ही धास्ती त्या अकरा वर्षांच्या मुलीच्या मनात होती.

गंगूबाई हे सांगतात ते कडवटपणावाचून. मग प्रश्न असा की, जिच्यावर अन्याय झाला तिनेच क्षमा केली, तर आपण सुटलो काय? फौजदारी कायद्यात काही अपराध आपसांत मिटविता येतात, आणि ते रीतसर मिटले की आरोपी निर्दोष ठरतो. नीतीच्या न्यायासनापुढे मात्र ही सवलत नाही. क्षमेने क्षमा करणाराचे मन हलके होते. अपराध्याचे देणे फिटत नाही.

कोणी म्हणेल, ती माणसे गेली. आमच्याकडे जाब कशाला? त्यास उत्तर असे की, जो वारस मिळकत घेतो, त्याने त्या मिळकतीपुरते कर्जही फेडावयाचे असते. पुरुष गायक पंडित किंवा उस्ताद होतात, पण केसरबाई आणि मोगूबाई ‘बाई’च राहतात, असे गंगूबाईंनी एकदा बोलून दाखविले होते. त्या दोघीही आमच्या गोव्याच्या. त्यांच्या कीर्तीचा वारसा आपण अभिमानाने मिरवितो, तर ज्या समाजाने कलावंतिणीचे गाणे देवळात ऐकले आणि तिच्या लेकीला उंबऱ्याबाहेर ठेवले, त्याचे देणेही आपल्याच माथी येते.

ते फेडण्यास सत्काराची शाल पुरणार नाही. उत्सवात महाप्रसादाच्या पंक्ती उठल्यावर आपल्या देवळात पत्रावळी कोण उचलतो, हे एकदा डोळे उघडून पाहावे. हिशेबाला तेथूनच आरंभ करावा लागेल.