विस्तवाचे मोल

धानाची कापणी उरकून वैनगंगेकाठच्या रात्री गारठू लागल्या, की वडसा गावाला अग्नीची नव्याने ओढ लागते. झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम याच दिवसांतला. पहाटेपर्यंत प्रयोग चालतात, आणि शेकोटीच्या वर्तुळात अनोळखी माणूसही क्षणात आप्त होतो. घरांत मात्र अग्नीचे दोन संसार आहेत: आत ओट्यावर गॅसची शेगडी, मागच्या अंगणात मातीची चूल. यांपैकी कोणाला घर सोपवावे, हा प्रश्न वरवर सोयीचा. मला तो काळाचा आणि ऋणाचा वाटत आला आहे.

लाकडाचा अग्नी साधनेने वश होतो. बांबू चटकन पेटतो आणि चटकन विझतो. धावडा सावकाश धरतो, पण त्याचा निखारा दीर्घकाळ टिकतो. ऐनाचे ओले लाकूड नुसतेच धुमसते. हे ज्ञान हातांत साठत जाते. चुलीपुढे बसणारीला जाळ मागेपुढे सारावा लागतो, वैलावरच्या भांड्याचे भान ठेवावे लागते, आणि रात्री राखेखाली विस्तव झाकताना उद्याचा विचार करावा लागतो. ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्तात अग्नीला पुरोहित मानले आहे. त्या पुरोहिताची पहिली दक्षिणा अवधान हीच असावी.

गॅसची निळी ज्योत ही दक्षिणा मागत नाही, पण तिच्यामागे उभा असलेला काळ अधिक अथांग आहे. 14.2 किलोच्या त्या टाकीत द्रवरूपाने कोंडलेल्या प्रोपेन-ब्यूटेनचे मूळ, कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी गाडल्या गेलेल्या सूक्ष्म जीवांपर्यंत जाते. धावड्याने काही दशकांचे ऊन साठवले, त्या जीवांनी माणसाच्या जन्माआधीचे. सूर्य दोहोंत एकच. मात्र जंगल पुन्हा वाढण्याची आशा धरता येते, त्या लुप्त समुद्राची धरता येत नाही.

तरीही चुलीच्या सौंदर्यात रमू लागलो, की मला इथले रान आठवते. 13 ऑक्टोबर 2022 रोजी सीटी-1 हा वाघ वडसा वनक्षेत्रात जेरबंद झाला, तोवर वडसा, भंडारा आणि ब्रह्मपुरी परिसरांत 13 माणसांचा बळी गेला होता. अशा रानातून सरपण आणणाऱ्या बाईच्या मोळीत भयाचेही वजन असते, आणि घरी आल्यावर धूर तिच्याच डोळ्यांत, तिच्याच छातीत शिरतो. 2016 पासून उज्ज्वला योजनेने अनेक घरांत गॅसची जोडणी पोचली. पण टाकी पुन्हा भरायला रोख पैसा लागतो, आणि मजुरी नसलेल्या महिन्यात देहाचे श्रम तेवढेच हाताशी असतात. दुरून जी परंपरेची ओढ दिसते, ती पुष्कळदा रिकाम्या हातांची विवशता असते.

अग्नी कधीच विनामूल्य मिळत नाही. कुणी त्याचे मोल देहाने फेडतो, कुणी पैशाने, तर कुणाचे ऋण पुढच्या पिढीच्या माथी जाते. म्हणून ज्याने मोळी वाहिली नाही, त्याच्या जिभेवरची चुलीच्या भाताची चव निर्णयाला पुरेशी नाही. जिच्या छातीत धूर जातो, तिचाच शब्द घरात अखेरचा असावा. आणि तिने गॅस निवडला, तर जाळ गरजेपुरताच ठेवण्याची आणि उद्यासाठी काही राखण्याची चुलीची शिस्त घरातल्या प्रत्येकाने, पुरुषांनीही, आपली मानावी.