गाठींतला करारनामा

ज्या रानातून हरभरा निघाला त्या रानात पुढचे पीक जोमदार येते, हा बेवडाचा अनुभव आपल्या शेतकऱ्याच्या पदरी पिढ्यान्‌पिढ्या होता. त्याची शास्त्रीय उपपत्ती मात्र १८८६ साली जर्मनीत हेलरीगेल यांनी मांडली, आणि दोनच वर्षांनी हॉलंडमध्ये बायरिंक यांनी द्विदल वनस्पतींच्या मुळांवरील गाठींतून हवेतले नत्र जोडणारे जिवाणू वेगळे काढून दाखविले. हवेत सुमारे ७८ टक्के नत्रवायू. परंतु त्याच्या अणूंची जोडी इतकी घट्ट की, वनस्पतीला त्यातला कणही परस्पर घेता येत नाही. ही जोडी फोडण्यास खतांच्या कारखान्यात चारशे अंशांच्या वर उष्णता आणि वातावरणाच्या सुमारे दोनशेपट दाब लागतो. गाठींतला हा रायझोबियम जिवाणू तेच काम मातीच्या साध्या उबेत उरकतो.

यावर निसर्गाच्या औदार्याची स्तोत्रे गाण्याचा मोह होतो. पण हा मामला औदार्याचा नसून रोखठोक कराराचा आहे. मूळ आपल्या स्रावांनी जिवाणूला पाचारण करते आणि त्याची ओळख पटल्यावरच त्याला आत घेते. हरभऱ्याचा जिवाणू सोयाबीनला सहसा चालत नाही. पानांत सिद्ध झालेली साखर झाड त्याला पुरविते. नत्र जोडणाऱ्या विकराला मोकळा प्राणवायू मारक, म्हणून तो आवरून धरण्यासाठी हिमोग्लोबिनाच्याच कुळातले तांबडे द्रव्य गाठीत तयार होते, आणि कार्यक्षम गाठ चिरली असता आत गुलाबी दिसते ती त्यामुळेच. उलट, जी गाठ साखर खाऊनही नत्र देत नाही, तिचा प्राणवायूचा पुरवठा सोयाबीनचे झाड कमी करते, असे प्रयोगान्ती आढळले आहे.

हा करार सद्भावनेवर नव्हे, परस्परांच्या गरजेवर आणि चोख हिशेबावर टिकतो. म्हणूनच रानात युरिया मुबलक पडला की झाड गाठी कमी धरते; नत्र आयते मिळत असता त्याने साखर का खर्चावी? बिनशर्त मदतीने स्वावलंबन खचते, हे समाजाइतकेच मुळांनाही लागू आहे.

मात्र बेवडाच्या जमेची बाजूही फुगवून सांगू नये. दाण्याबरोबर बरेचसे नत्र शेताबाहेर जाते. मातीच्या खाती उरतात त्या मुळ्या, गाठी आणि पालापाचोळा. फुलावर आलेला ताग गाडणाऱ्याची शिल्लक म्हणूनच भरघोस असते; ज्याने दाण्यामागोमाग भुसाही खळ्यावरून उचलून नेला, त्याने पुढील हंगामात जिवाणूला बोल लावू नये.